पाचव्या अंकात आलेले बाबा

आमच्या नाटकातल्या मुलीला आई नव्हती. मेलेली नव्हती, हरवलेली नव्हती, रुसून माहेरीही गेलेली नव्हती. नव्हतीच. पहिल्या अंकापासून पाचव्या अंकापर्यंत कोणाच्या तोंडी तिचं नाव नाही, तिच्या आठवणीने कोणी सुस्कारा टाकत नाही. मुलगी जणू गलबतातून माल उतरावा तशी बापाच्या घरात उतरलेली. म्हापशाच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला असताना मी त्या मुलीचं काम केलं, टाळ्याही घेतल्या, आणि आज सत्तरी ओलांडल्यावरसुद्धा तो विषय निघाला की माझा आवाज चढतो. माझा मुलगा म्हणतो, "आई, एका गॅदरिंगच्या नाटकावर इतकी वर्षं राग?" त्या नाटकाच्या आठवड्यात आमच्या घरात काय घडलं ते मी त्याला कधी नीट बसून सांगितलं नाही. आता सांगते.

आमचं घर पेडण्याच्या बाजारापासून पायी जाण्याइतकं लांब, भाताच्या मळ्यांच्या काठावर. घर एक आणि चुली दोन. अर्ध्या घरात थोरले काका आणि काकी, अर्ध्यात आई आणि मी. सोपा आणि पुढचं अंगणासारखं खळं दोघांचं मिळून, म्हणजे काकांचं. सकाळी पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजला की आई उंडे घ्यायला फाटकाशी जायची, आणि त्याच वेळी काका सोप्यावर येऊन घसा खाकरायचे. तो घसा म्हणजे आमच्या घराचा भोंगा होता. त्या आवाजाबरोबर आई डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि तिचं बोलणं अर्ध्यावर थांबायचं. माझ्याशी ती बोलायची ते कामात असताना. रगड्यावर आंबोळीचं पीठ वाटताना, दुपारी पेजेबरोबर तोंडी लावायला खाऱ्यातली कैरी चिरताना, काजूच्या दिवसांत बोंडं पिळून बिया वेगळ्या करताना. त्या दिवसांत घरभर बोंडांचा आंबूस वास भरून राहायचा आणि आईच्या बोटांची सालं निघायची. ती आमोण्याची, मांडवीकाठची. अंगाने उंच, पावलं मोठी, चालणं झपाझप. सासरी आल्यावर काकीने तिला हळू चालायला शिकवलं म्हणे. मळ्यात गेली की मात्र ती आमोण्याचं चालणं चालायची.

बाबा वास्कोला, बंदरात नोकरीला. मी लहान असताना ते महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, मग फक्त चतुर्थीला आणि शिगम्याला, मग फक्त चतुर्थीला. त्यांच्या येण्याची मी वाट बघायची, हे लिहिताना आजही मला माझाच राग येतो, पण खरं ते खरं. त्यांच्या अंगाला बंदराच्या शहरातल्या साबणाचा वास असायचा. आरतीला ते मातीचं घुमट वाजवायला बसले की आजूबाजूच्या घरातली माणसं आमच्या खळ्यात येऊन उभी राहायची. असा हात पेडण्यात कोणाचा नाही, असं सगळे म्हणायचे. मी गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली बसून त्यांच्या बोटांकडे बघत राहायची आणि मला वाटायचं, हा माणूस आपला आहे. पुढे एका चतुर्थीला ते आले नाहीत. पुढच्याही नाही. वास्कोत त्यांनी दुसरं घर केलंय हे पेडण्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईपासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या घरात मात्र त्याला "ड्युटी" म्हणत. काका पाहुण्यांना सांगायचे, "त्याची ड्युटी कडक आहे." आई तेव्हा आत असायची. तिला काय म्हणायचंय हे विचारायला सोप्यावरून आत कोणी गेलं नाही.

आणि आई कुंकू लावायची, वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळायची, मळा लावायची, कापायची, मला कॉलेजात पाठवायची. कॉलेजची परवानगी काकांनी दिली असं गावात मानलं जाई. प्रत्यक्षात काका नको म्हणाले होते. आईने त्यांच्यापुढे वाद घातला नाही. ज्या दिवशी प्रवेश घ्यायचा त्या दिवशी सकाळी तिने माझ्या हातात डबा दिला आणि मला म्हापशाच्या बसमध्ये बसवून ती सरळ मळ्यात निघून गेली. संध्याकाळपर्यंत मी कॉलेजची विद्यार्थिनी झालेली होते आणि काकांना घसा खाकरण्यापलीकडे काही करता आलं नाही. एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे मुलीबद्दल बोलताना "ती" म्हणत नाहीत, "ता" म्हणतात. ता चेडू आला, ता चेडू गेला. शुद्ध मराठीत सांगायचं तर "ते" आलं, "ते" गेलं. लग्न होईपर्यंत मुलगी नपुंसकलिंगी. पुढे भाषेच्या वर्गात मी हे सांगायची तेव्हा पोरं हसायची. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलेलं नाही.

कॉलेजात इंग्रजी शिकवणारे सर तरुण होते आणि जीव तोडून शिकवायचे. एलिझाबेथ राणीच्या काळातल्या रंगभूमीवर त्यांचं विलक्षण प्रेम. त्या काळच्या सुखांतिका कशा असत, त्यांतले वेषांतर, गैरसमज, शेवटची लग्नं हे सांगताना ते स्वतःच अर्धे नट होऊन जायचे. त्या धाटणीचं एक मराठी नाटक त्यांनी स्वतः लिहून काढलं आणि गॅदरिंगला बसवायला घेतलं. त्याची गोष्ट अशी: एका व्यापाऱ्याचं जहाज समुद्रात नाहीसं होतं. त्याचा भाऊ घरावर ताबा मिळवतो आणि पुतणीचं लग्न एका मूर्ख धनिकाशी लावायला निघतो. पुतणी मुलाच्या वेषात दुसऱ्या शहरी पळून जाते, तिथल्या एका सरदारपुत्राकडे चाकरीला राहते, त्याच्या प्रेमात पडते. बरेच घोटाळे होतात. शेवटच्या अंकात बाप जिवंत परत येतो, मुलीला ओळखतो, तिचा हात सरदारपुत्राच्या हातात देतो आणि पडदा पडतो. प्रिन्सिपॉलांनी नाटकाला परवानगी दिली, पण एका अटीवर. मुलाने मुलीचा हात धरायचा नाही. मग सरांनी सगळी कामं मुलींना दिली. ते म्हणाले, "त्या काळी तिकडे बायकांची कामं मुलगे करायचे. आपण उट्टं काढू." मला नायिकेचं काम मिळालं, ते माझा आवाज मोठा होता म्हणून.

तालमी सुरू झाल्यावर काही दिवसांनी मी सरांना विचारलं की हिची आई कुठे आहे. बाप नाहीसा झाला, काका छळतो, तर आई काय करते आहे? सर हसले. राग येण्यासारखं हसले नाहीत, खरोखर कौतुकाने हसले. मग त्यांनी समजावून सांगितलं की त्या काळच्या नाटकमंडळ्यांत बायकांची कामं करू शकणारी मुलं थोडी असत, ती तरण्या नायिकांना आणि त्यांच्या सख्यांना पुरवून वापरावी लागत. त्यामुळे त्या सुखांतिकांमध्ये बाप पुष्कळ, आया फार थोड्या. शिवाय, ते म्हणाले, आणि हे वाक्य मी विसरलेली नाही, "आई असली तर मुलीला घर सोडून पळू देईल का? आई आली की नाटक पहिल्याच अंकात संपेल."

त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. बस पकडून घरी येताना कोलवाळच्या पुलावर सुचलं, आणि मी खिडकीशी बसून एकटीच तडफडत राहिले. आई मुलीला अडवते, हे कोणी ठरवलं? मला तर आईनेच बसमध्ये बसवलं होतं. आमच्या गावच्या दशावतारातसुद्धा पुरुषच बायका होत, मिशी काढून, नऊवारी नेसून. पण तिथे राजाला राणी असते आणि राजपुत्राला आई असते. ती रडते का होईना, रंगमंचावर येऊन रडते. आणि हे म्हणे मोठं नाटक, जगभर नावाजलेलं, आणि माणसं कमी पडली की पहिली कापायची कोण, तर आई. पुढे मी स्वतः इंग्रजीची शिक्षिका झाले, त्या जुन्या सुखांतिका कितीतरी वाचल्या, शिकवल्या. त्यांतली भाषा अजून मला वेड लावते. तरीही प्रत्येक वेळी पात्रांची यादी उघडली की माझा डोळा आधी एकच जागा शोधतो, आणि बहुतेक वेळा ती रिकामी असते.

घरी मी आईला नाटकाची गोष्ट सांगितली. ती मागच्या दारी बसून नारळ सोलत होती. नारळ जमिनीत रोवलेल्या सुळीवर आपटायचा, वरचं सोडण उलगडायचं, पुन्हा आपटायचा. गोष्ट ऐकताना तिचे हात थांबले नाहीत. मुलगी मुलाचे कपडे घालून पळते तिथे ती गालात हसली. तिला ते पटलं होतं. शेवटी बाप परत येतो तिथे मात्र तिने नारळ खाली ठेवला आणि विचारलं, "आणि इतके दिस तो खंय होतो?"

मी म्हटलं, तो कुठे होता ते नाटकात सांगितलेलं नाही.

"चेडू तेका इचारणा नाय?"

मुलगी विचारत नाही, मी म्हटलं. ती त्याच्या पाया पडते. आईने नारळ उचलला आणि सुळीवर असा आपटला की सोडण एका दणक्यात दुभंगलं. दुसऱ्या दिवशी मी तिचा प्रश्न सरांपुढे ठेवला. ते म्हणाले, सुखांतिकेत हे विचारायचं नसतं, तो संकेत आहे. संकेत. काका ज्याला ड्युटी म्हणायचे त्याला सर संकेत म्हणत होते.

मुलाच्या वेषासाठी कपडे हवे होते. आईने माळ्यावरची ट्रंक काढली आणि बाबांची एक खाकी पँट बाहेर काढली. कमरेत ती मला ढगळ होत होती. आईने दुपारभर बसून ती आत घेतली, पायांना दुमड घातली, आणि मला घालायला लावून स्वयंपाकघरात इकडून तिकडे चालायला लावलं. "अशी नको चलू," ती म्हणाली, आणि पदर खोचून स्वतः चालून दाखवलं, ते आमोण्याचं चालणं, लांब टांगा टाकत. सरांनी पुढे त्या चालण्याचं फार कौतुक केलं. मुलगा कसा हुबेहूब चालतो म्हणाले.

नाटकाच्या आठवड्यात बाबा आले. किती वर्षांनी ते मोजायची मला इच्छा नाही. दुपारच्या बसने उतरले, हातात बिस्किटांचा डबा, अंगात चकचकीत शर्ट, केस पिकलेले. सोप्यावर काकांशेजारी जाऊन असे बसले की जणू सकाळी बाजारात जाऊन परत आलेत. काकीने पाणी दिलं. कोणी काही विचारलं नाही. मी दारात उभी होते. त्यांनी मला बघून म्हटलं, "वाढला गो चेडू." आणि काकांकडे वळून बोलू लागले. ते माझं लग्न ठरवायला आले होते. बंदरात त्यांच्या वरच्या जागेवर एक गृहस्थ होते, त्यांचा पुतण्या बोटीवर नोकरीला होता. बाबांनी त्यांना शब्द देऊन टाकला होता. वैशाखात लग्न, कॉलेजची काही गरज नाही, मुलगा बोटीवर असतो म्हणजे मुलीने सासूसासऱ्यांजवळ राहायचं. हे सगळं मी दारात उभी राहून ऐकलं. आई आत सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत होती, तिनेही ऐकलं. जेवताना तिने बाबांच्या ताटात सुंगटाचं कालवण, हुमण, वाढलं. बाबा म्हणाले, वास्कोत असं हुमण मिळत नाही. मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल. ती भात आणायला उठली.

गॅदरिंग दुपारचं ठेवलेलं असे, गावोगावच्या मुलींना शेवटच्या बसने घरी जाता यावं म्हणून. आईने शेजारणीला घेऊन नाटकाला यायचं आधीच ठरवलं होतं. आयत्या वेळी बाबाही निघाले, काकाही. पुरुषमंडळी बसमध्ये पुढे बसली आणि सभागृहातही पुढे बसली. कोणीतरी बाबांची ओळख करून दिली असणार, कारण पडदा उघडला तेव्हा ते पहिल्या रांगेत प्रिन्सिपॉलांच्या दोन खुर्च्या पलीकडे होते. आई मागे, बायकांच्या बाजूला, भिंतीशी. उंच असल्यामुळे मला ती रंगमंचावरूनही दिसत होती.

मी नाटकात काही वेगळं केलं नाही. लोकांना अशा गोष्टीत वेगळं काही घडायला हवं असतं, मुलीने भर रंगमंचावर बापाला जाब विचारावा वगैरे. तसं झालं नाही. मी सगळी वाक्यं नेमाने म्हटली. शेवटच्या अंकात दाढी लावलेली माझी वर्गमैत्रीण बाप होऊन आली, मी तिच्या पाया पडले, तिने माझा हात सरदारपुत्र झालेल्या दुसऱ्या मैत्रिणीच्या हातात दिला, आणि सभागृह टाळ्यांनी दणाणून गेलं. बाबांनी रुमालाने डोळे पुसले. मला वर उभ्या उभ्या ते दिसलं आणि पडदा पडेपर्यंत मी ओठ चावून धरले. मग प्रिन्सिपॉलांनी सर्वोत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस जाहीर केलं आणि नायिकेच्या वडिलांना रंगमंचावर बोलावलं. सरांनी त्यांना गुलाबाचं फूल दिलं, अशा मुलीला घडवल्याबद्दल त्यांचं अभिनंदन केलं. बाबांनी माइकसमोर सांगितलं की मुलींना शिकवलंच पाहिजे, असं मी पहिल्यापासून मानत आलो. पुन्हा टाळ्या. ज्या माणसाने वैशाखापर्यंत माझं कॉलेज बंद करायचं ठरवलं होतं त्याला माझ्या कॉलेजात फूल मिळालं. भिंतीशी उभ्या असलेल्या बाईकडे कोणी बघितलंही नाही. सर चांगले होते, मनाने सरळ होते. पण त्यांनी नाटकात जिला जागा दिली नाही तिला सभागृहातही दिली नाही, आणि दोन्ही वेळा ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

बाहेर आल्यावर बाबांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, काही बोलतील. ते म्हणाले, "ही पँट माझी न्हय गो?"

त्यांना तेवढंच ओळखू आलं होतं.

दोनच दिवसांनी वास्कोची मंडळी भाड्याच्या गाडीने मला बघायला आली. ते वरच्या जागेवरचे गृहस्थ, त्यांची बायको, आणि एक नातेवाईक. मुलगा नव्हता. तो बोटीवर होता, कुठल्या समुद्रात ते त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. सोप्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. आम्ही खुर्चीला कदेल म्हणतो. काकांनी आईला सकाळीच सांगितलं होतं, तू आतलं बघ, बाहेरचं आम्ही बघतो. त्यामुळे ती चुलीशी केळ्याची भजी तळत होती आणि काकी ताटल्या बाहेर नेत होती. मी साडी नेसून खाली मान घालून बसले. बाबा माझी माहिती देत होते. मला सगळा स्वयंपाक येतो म्हणाले. येत नव्हता, आई मला अभ्यासाला बसवायची. मी दुसऱ्या वर्षाला आहे म्हणाले. मी शेवटच्या वर्षाला होते. स्वभावाने अगदी गरीब म्हणाले. काकांनी मान डोलावली. मी ऐकत राहिले आणि मला वाटू लागलं की हे दुसऱ्याच कोणा मुलीबद्दल बोलताहेत, आणि ती मुलगी हे लोक खरोखरच घेऊन जातील.

मग त्या गृहस्थांच्या बायकोने साधा प्रश्न विचारला. मुलीची जन्मवेळ काय? पत्रिका करायची होती. बाबांनी काकांकडे बघितलं. काकांनी छपराकडे बघितलं. बाबा म्हणाले, सकाळची असावी. मग म्हणाले, नाही, दिवेलागणीची. आत कढईत भज्यांचा चर्र आवाज येत होता तो थांबला. आई दारात आली. पदराला हात पुसत ती सोपा ओलांडून आली, मोकळ्या राहिलेल्या कदेलावर बाबांच्या शेजारी बसली आणि पदर सारखा न करता त्या बाईंकडे बघून बोलली.

"ह्या चेडू तांबडा फुटताना जल्मला. आमोण्याक, माझ्या आवशीच्या घरात. हे तेव्हा थंय नव्हते. मी तेची आवस, माका इचारा."

काका काही बोलू लागले. आईने त्यांच्याकडे मान वळवली नाही. माझ्या जन्मापासून मी तिला काकांच्या देखत खुर्चीवर बसलेली बघितली नव्हती. ती पुढे म्हणाली, आवाज न चढवता, "तेचा कॉलेज पुरा होवचा आसा. ह्या सोयरिकीक माझो होकार नाय. माका कोणी इचारूकच नाय."

वास्कोचे गृहस्थ भले होते. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. बाबांकडे एकदा बघितलं आणि आईला म्हणाले, "वयनी, आमका सांगल्यानी, घरातल्या सगळ्यांचो होकार आसा. तसा नाय तर आमी इलोच नसतो." त्यांच्या बायकोने उठताना आईच्या हाताला हात लावला. गाडी गेल्यावर बाबा उठले आणि म्हणाले की माझ्या घरात माझी अब्रू घालवलीस. आईने त्यांना विचारलं, "तुमचा घर खंयचा?" एवढंच. भांडण म्हणून विचारलं नाही, पत्ता विचारावा तसं विचारलं. बाबांनी चपला पायात सरकवल्या. ते तिसऱ्या प्रहरच्या बसने गेले.

आता कोणी म्हणेल, मिटलं. मिटलं काहीच नाही. काकांनी खळ्याच्या मधोमध काटक्यांचं कुंपण घातलं. काकी फाटकाशी आईला बघून तोंड फिरवू लागली. देवळात आईला बायका सरकून जागा द्यायच्या, ती आदराने नव्हे. नवऱ्याला घालवणारी बाई, असं तिला म्हटलं गेलं. ज्याने घर सोडलं त्याला कोणी काही म्हटलं नाही, तो बिचारा. अजूनही आमच्या गावात जुनी माणसं भेटली की सांगतात, तुझा बाप काय घुमट वाजवायचा. आईबद्दल म्हणतात, जरा तापट होती. आयुष्यात एकदा खुर्चीवर बसून चार वाक्यं बोलली, ती तापट. हे ऐकून घेताना मी शिक्षिकेसारखं हसते आणि घरी येऊन भांडी आपटते.

मी पास झाले, शिकवायला लागले, आणि काही वर्षांनी डिचोलीच्या एका मास्तरांशी माझं लग्न ठरलं. त्यांनी मला आणि आईला दोघींना विचारलं होतं. आईने काकांकरवी वास्कोला निरोप धाडला. काका त्या कामापुरते पुन्हा बोलू लागले होते. उलट निरोप आला की तुम्ही ठरवलंत तर तुम्हीच लावा. लग्नाच्या दिवशी आमच्या खळ्यात मांडव, कुंपण काढून टाकलेलं, आणि कन्यादानाच्या वेळी काका धुतलेला पंचा नेसून काकीसह पाटाकडे निघाले. ते त्यांनी गृहीतच धरलं होतं. सगळ्यांनीच. भटजींनी तांब्याही त्यांच्या पुढ्यात सरकवला. आई पाटाच्या आड येऊन उभी राहिली आणि म्हणाली की कन्यादान मी करणार.

भटजींनी समजावलं की नवरा हयात असताना बाईला एकटीने बसता येत नाही. आईने विचारलं, आणि पुरुषाला बायको नसताना बसता येतं का? येतं, भटजी म्हणाले, त्याला शास्त्रात सोय आहे, बायकोच्या जागी कमरेला सुपारी लावून बसतो. आईने पुढ्यातल्या तबकाकडे बघितलं. मग तिने तबकातली एक सुपारी उचलली.

"घोवाक बायल नसली तर सुपारी चलता. मगे बायलेक घोव नसलो तर कित्याक चलाची नाय?"

मांडवात कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. भटजी म्हणाले, असं कुठे लिहिलेलं नाही. चलणार नाही असंही लिहिलेलं नाही ना, असं माझे होणारे सासरे म्हणाले, आणि मुहूर्त टळतोय म्हणून घड्याळ दाखवू लागले. भटजींनी काकांकडे बघितलं, मग आईकडे, आणि मंत्र सुरू केले. आईने सुपारी कमरेला खोचली, पाटावर मांडी घालून बसली, आणि माझ्या हातावर पाणी सोडलं. तिच्या हाताला त्या दिवशीही काजूने सालं गेल्याच्या खुणा होत्या. काका मांडवाच्या खांबाशी उभे राहिले, त्याच धुतलेल्या पंच्यात.

सगळं आटोपल्यावर भटजी तिला म्हणाले की ती सुपारी वाहत्या पाण्यात सोडा. आई बरं म्हणाली. ती बायकांच्या शेवटच्या पंगतीला जेवली, ताट बाजूला सारलं, पान घेतलं, चुना लावला. मग कमरेची सुपारी काढली, अडकित्त्यात धरून जोर लावून फोडली, कातरली, विड्यात घातली आणि विडा गालात धरला. मी शालू नेसून तिच्या शेजारी बसले होते. मी तिच्याकडे बघितलं.

"घट आसा," ती म्हणाली, आणि निवांत चावत बसली.